दोस्ताचं औषध

आमच्या दुकानात एक औषध असं आहे, की ते आजवर कुणीही स्वतःसाठी नेलेलं नाही. पित्ताचं चूर्ण माणूस स्वतःसाठी नेतो. मूळव्याधीचं जरा आवाज खाली आणून मागतो, पण स्वतःसाठीच मागतो. हे एक औषध मात्र सगळे दोस्तासाठी नेतात. निलंग्यात एसटी स्टँडकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. वडिलांनी ते घातलं, आणि चाळीस वर्षं झाली, मी तिथं बसतो आहे. एवढ्या वर्षांत मी दोस्तासाठी इतक्या पुड्या बांधल्या, की या तालुक्यात अशक्तपणा फक्त दोस्तांनाच येतो असं एखाद्या परक्याला वाटावं.

वडील या खेळात मुरलेले होते. गिऱ्हाईक खाली बघत, गल्ल्याच्या कडेवर नख घासत ‘दोस्तासाठी पाहिजे’ म्हणालं, की ते गालातसुद्धा हसत नसत. हातातलं काम बाजूला ठेवत आणि दोस्ताची चौकशी सुरू करत. दोस्ताचं वय काय. दोस्ताला साखर आहे का. छातीत कधी दुखलं का. बीपीची, हृदयाची, दवाखान्याची कसली गोळी चालू आहे का. लघवीला अडतं का, दारू घेतो का. समोरचा माणूस दोस्ताच्या नावानं सगळं खरं सांगून मोकळा व्हायचा. त्याची अब्रूही राहायची आणि वडिलांना हवं ते कळायचंही.

मग ते आठ दिवसांचीच पुडी देत. आस्कंद म्हणजे अश्वगंधा, नाहीतर सफेद मुसळी, एका वेळी एकच, अर्धा चमचा, दुधातून. चक्कर आली, छातीत धडधडलं, की बंद. दोस्ताला म्हणावं, पुढच्या खेपेला डॉक्टरकडे जाशील तेव्हा ही पुडी खिशात घेऊन जा आणि त्यांना दाखव. हृदयाची गोळी चालू आहे असं कळलं, तर मात्र ते डबा पुन्हा फळीवर ठेवत आणि ‘ब्याड’ म्हणत. आम्ही घरात कानडी बोलतो, ब्याड म्हणजे नको. गिऱ्हाइकाला कानडी येत नसलं तरी ते समजायचं.

मी चन्नबसप्पा, गाव मला अप्पा म्हणतं. वडिलांकडून मला दुकान मिळालं, पितळी तराजू मिळाला, लाल-पांढरा दोरा वळून पुडीला घालायची त्यांची गाठ मिळाली. चौकशीचे प्रश्नही मिळाले होते. पण माझी जीभ मला न विचारता चालते. वडील जिथं गप्प राहून ऐकायचे, तिथं मी कोपरखळी मारायचो. लोक हसायचे आणि मला वाटायचं, लोकांना माझ्याकडं यायला आवडतं. कुणाला आवडत नसेल, तो येत नसणार, आणि जो येत नाही त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला एकसष्टावं वर्ष लागलं.

अंगद रोज यायचा. अंगद मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला, माझा शाळेपासूनचा सोबती. सकाळी नऊला तो यायचा, गल्ल्याशेजारच्या लोखंडी खुर्चीत बसायचा आणि माझं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचून काढायचा. त्याची पहिली बायको कोरोनात गेली. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्याला लातूरला नेणारा मीच होतो. हृदयात स्प्रिंग बसवून आणली. गोळ्यांच्या पाकिटांवर मीच पेनानं ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ असं लिहून दिलं. दुखायला लागलं तर जिभेखाली धरायची बारीक गोळी त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची, आणि ती आहे ना, असं मी बोटानं खिसा चाचपून बघायचो. त्याच्या पोटात रोज काय जातं, हे त्याच्या घरातल्या माणसाइतकं मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

गेल्या साली अंगदानं दुसरं लग्न केलं. साठीला आलेला माणूस, आणि नवरी शीला, सत्तेचाळीस वर्षांची, देवणीकडची अंगणवाडी सेविका. तिचा नवरा पुष्कळ वर्षांपूर्वी वारलेला. रजिस्टर पद्धतीनं लग्न झालं, दहा-बारा माणसं जेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अंगद नेहमीसारखा खुर्चीत येऊन बसला. त्या वेळी दुकानात सहाजण तरी होते. मी गल्ल्याखालून एक पुडी काढली, मुसळीची, तिला मुद्दाम राखीचा गोंडा बांधला होता, आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, मास्तर, आयुष्यभर पोरांना गृहपाठ दिलात, आता स्वतःचा नीट करा. असा हशा पिकला की समोरचा चहावाला काय झालं बघायला आला.

अंगदही हसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गेला तेव्हा पुडी त्यानं वर्तमानपत्राखाली तशीच ठेवली होती.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण एकदा लोक हसले की मला दम निघत नाही. पुढं दोन महिने रोज सकाळी मी त्याला काही ना काही विचारत राहिलो. निकाल लागला का मास्तर. पास का पुन्हा फॉर्म भरायचा. तो ‘तू बी ना अप्पा’ एवढंच म्हणायचा आणि पान उलटायचा. शिवकांता, माझी बायको, एकदा डबा घेऊन दुकानात आली होती, तिनं हे ऐकलं. रात्री जेवताना ती म्हणाली, की तो माणूस हसतो तेव्हा त्याचे डोळे हसत नाहीत, तुम्ही बघितलं नाही का. मी म्हटलं, आमची शाळेपासूनची दोस्ती आहे, तुला त्यातलं काय कळतं. तिनं भाकरी वाढली आणि विषय सोडला.

मग अंगद नऊऐवजी साडेनऊला यायला लागला, पुढं दोन दिवसांआड. मी समजलो, घरी नवी बायको आहे, वेळ जात असेल. त्यावरही मी एक विनोद केला होता, तो आता आठवत नाही.

याच सुमाराला आमच्या दुकानात एक नवा डबा आला. एजंट मोटारसायकलवरून आला होता. कॅप्सूल होत्या, डब्यावर उधळलेला घोडा, खाली ‘शंभर टक्के जडीबुटी’. कारखान्याचा पत्ता म्हणून नुसतं एका राज्याचं नाव. एजंट म्हणाला, तासाभरात गुण. वडील असते तर त्यांनी तिथंच त्याला पाणी पाजून परत पाठवलं असतं. आस्कंद असो की मुसळी, मुळी माणसाच्या अंगात रुजायला महिना घेते. जे तासाभरात काम करतं, त्यात मुळीशिवाय दुसरं काहीतरी घातलेलं असतं. हे मला कळत होतं. तरी मी डबा ठेवून घेतला आणि गल्ल्याखाली सरकवला.

का ठेवला, तेही सांगतो. मुसळी नेणारा माणूस महिन्यानं येऊन ‘फरक वाटतो वाटतं’ असं म्हणतो. कॅप्सूल नेणारा दुसऱ्याच दिवशी येऊन काही न बोलता नुसता हसतो, आणि जाताना मान लववून जातो. वैद्याला मान द्यावा तसा. मला ते आवडायला लागलं होतं. आणि प्रश्न विचारायची माझी सवयही तोवर सुटत चालली होती. समोरच्या माणसाकडं बघितलं की मला कळतं, अशी माझी समजूत झाली होती. दोस्त म्हणजे तो स्वतःच, हे तर पोरालाही ठाऊक. मग समोरचा धडधाकट दिसतोय ना, झालं.

श्रावण सरता सरता, एका शनिवारी, दुपारच्या बाजाराच्या वेळी माउली सर आले. देवणीच्या शाळेत पीटीचे शिक्षक, बेचाळीस-त्रेचाळीसचे, दाराची चौकट भरून टाकणारा माणूस. मिशीला पीळ, मनगटं उखळाच्या मुसळासारखी. मी त्यांना तोंडओळखीनं ओळखत होतो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सर एका बाजूला उभे राहिले आणि गर्दी कमी होण्याची वाट बघू लागले. मी त्यांच्याकडं बघून ओळखलंच. मुद्दाम मोठ्यानं विचारलं, काय सर, काय पाहिजे.

सर जवळ आले आणि म्हणाले, “एका दोस्तासाठी पाहिजे व्हतं, अप्पा. वयानं जरा मोठा हाय.”

“सर, दोस्त तुमच्यापेक्षा मोठाच आसतो,” मी म्हणालो. “लहान दोस्तासाठी माझ्याकडं अजून कुणी आलं न्हाई.”

बाकीचे हसले. सर ओशाळले, पण गेले नाहीत. मी गल्ल्याखालचा डबा काढला, चार कॅप्सूल कागदात टाकल्या आणि गाठ मारायला घेतली. तेव्हा त्यांनी जरा पुढं वाकून विचारलं, की याला पथ्य काय, दुसऱ्या गोळ्यांसंगं चालतं का. माणूस विचारत होता. तोंडानं स्पष्ट विचारत होता. आणि मी त्या मनगटांकडं बघत म्हणालो, दुधासंगं चालतं आणि बायकोसंगं चालतं. परत हशा झाला. सरांनी पुडी खिशात टाकली आणि मान खाली घालून ते उन्हात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी चारच्या सुमाराला शीलावहिनींचा फोन आला. अंगदाच्या छातीत कळ आली, त्यानं जिभेखाली गोळी धरली, आणि उठायला गेला तो तिथंच कोसळला. घामानं नुसता भिजला होता. निलंग्याच्या दवाखान्यात सलाईन लावून त्याला जरा सावरलं आणि लगेच लातूरला न्यायला सांगितलं. मी दुकान उघडंच टाकून धावलो. गाडीत अंगदाचा हात माझ्या हातात होता, गार. त्यानं एकदा डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग शीलावहिनींकडं नजर गेली आणि पुन्हा मिटलं. मी म्हटलं, बोलू नको, पडून राहा. त्याला बोलू द्यायला हवं होतं.

लातूरच्या दवाखान्यात त्याला आत घेतलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, तरुण पोरगा, डोळ्यांखाली काळं. बीपी जरा वर आलं आहे, पण छातीतलं दुखणं थांबत नाही, म्हणून सलाईनमधून औषध लावायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी शीलावहिनींना विचारलं, की यांनी आज वेगळं काही घेतलं का. वहिनी म्हणाल्या, दुपारी जेवले, पडले, बाकी माहीत नाही. पेशंटलाही विचारलं, डॉक्टर म्हणाले, ते नुसती नाही अशी मान हलवतात. मग ते मला बाजूला घेऊन गेले.

“काका, पुरुष ताकदीसाठी घेतात तसलं काही औषध यांनी घेतलं आहे का? खरं सांगा. घेतलं असेल तर मी हे लावू शकत नाही, दोन्ही एकत्र गेली की बीपी एकदम पडतं.”

मी किती खात्रीनं बोललो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. “साहेब, मी त्याच धंद्यातला आहे. असलं काही लागलं असतं, तर तो आधी माझ्याकडं आला असता.”

डॉक्टरांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. ते आत गेले आणि त्यांनी औषध लावलं.

आम्ही बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळानं नर्सनं अंगदाचे कपडे एका पिशवीत घालून आणून दिले. वहिनींना काहीतरी करायला हवं होतं म्हणून त्या सदऱ्याची घडी घालायला लागल्या, तर खिशातून एक पुडी निघाली. लाल-पांढरा दोरा, अर्धवट सोडलेला. आत तीन कॅप्सूल होत्या.

“भावजी, ही तुमच्या दुकानाची गाठ हाय ना?” त्यांनी विचारलं. “कशाचं औषध हाय हे?”

मला काल दुपारचे माउली सर दिसले. वयानं जरा मोठा दोस्त, दुसऱ्या गोळ्यांसंगं चालतं का, मान खाली घालून उन्हात जाणारी ती पाठ. चाळीस वर्षांत एकच माणूस खरोखर दोस्तासाठी आला होता आणि त्याचंच मी खरं मानलं नव्हतं. हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि त्याच क्षणी मी वहिनींना म्हणालो, पोटाचं चूर्ण आहे, कॅप्सूलमधलं. पुडी त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या खिशात घातली.

मग मी उठलो आणि पाण्याच्या टाकीपाशी गेलो. पेला भरला, प्यालो. पेला विसळला, उपडा ठेवला. पुन्हा उचलून सरळ ठेवला. आत माझा दोस्त होता, त्याच्या शिरेत ते औषध जात होतं, आणि मी पेला कसा ठेवावा ते ठरवत होतो. गाव काय म्हणेल, पोलीस येतील का, वडिलांच्या नावाच्या पाटीचं काय होईल, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी काही राक्षस नाही, पण त्या चार-पाच मिनिटांत अंगद माझ्या डोक्यात पहिला नव्हता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, शिवकांतालाही नाही.

आतून धावपळीचा आवाज आला तेव्हा मी पळत गेलो आणि दारातच डॉक्टरांच्या हातात पुडी दिली. बीपी पुन्हा तळाला गेलं होतं. डॉक्टरांनी ते औषध बंद करायला सांगितलं, मग मला विचारलं की किती घेतल्या, कधी घेतल्या, त्यात काय आहे. चारातली एक गेली आहे एवढं मला मोजता आलं. बाकी काहीच सांगता आलं नाही. मी विकलेल्या औषधात काय आहे, ते मला माहीत नव्हतं.

वेळ तरी कळावी म्हणून मी वहिनींकडून अंगदाचा फोन घेऊन माउली सरांना लावला. सरांनी सगळं सांगितलं. ते आणि अंगद देवणीच्या शाळेत सात वर्षं बरोबर होते. अंगदानंच त्यांना पाठवलं होतं. सर त्याला म्हणाले होते, की उदगीरहून आणतो, तिथं कुणी ओळखत नाही. पण अंगदानं ऐकलं नाही.

“गुरुजी म्हनले, अप्पाच्याच दुकानातून आण, त्याच्याकडचं खरं आसतं,” सर फोनवर म्हणाले. “फकत माझं नाव सांगू नको म्हनले, न्हाईतर निलंगाभर व्हईल.”

म्हणजे त्याचा माझ्या दुकानावर विश्वास होता, फक्त माझ्या तोंडावर नव्हता. खरं तर उलटं असायला हवं होतं. तो माझ्यासमोर येऊन नुसतं ‘दोस्तासाठी’ म्हणाला असता, तरी मी त्याच्या खिशातल्या बारीक गोळीवर बोट ठेवून ब्याड म्हणालो असतो. त्या सबंध निलंग्यात त्याला ब्याड म्हणू शकणारा मी एकटा होतो. आणि मीच त्याचा माझ्यापर्यंतचा रस्ता बंद करून ठेवला होता.

अंगद वाचला. नऊ दिवसांनी घरी आला. पण हृदयाचा बराच भाग कमजोर झाला आहे, डॉक्टरांनी सांगितलं. जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही, बाजारापर्यंत चालत यायचं तर दोनदा बसावं लागेल. डॉक्टरांनी तो घोड्याचा डबा मागवून घेतला आणि वर कळवतो म्हणाले. एजंटचा फोन तेव्हापासून लागलेला नाही.

घरी आल्यावर मी त्याला भेटायला गेलो. तो खाटेवर टेकून बसला होता. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो, पण त्यानं पावसाचं विचारलं, सोयाबीनचा भाव विचारला, शिवकांताचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. सगळं नीट, शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं. मग थकलो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. मी निघालो. शीलावहिनी अंगणापर्यंत आल्या, तिथं मी त्यांना सगळं सांगितलं, गोंडा बांधलेल्या पुडीपासून पोटाच्या चूर्णापर्यंत. हात जोडले.

त्या बराच वेळ तुळशीच्या कट्ट्यावरची माती बोटानं सारखी करत राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

“मी त्येंच्याकडं असलं काही मागितलंच नव्हतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “मला सतरा वर्षं सांजच्याला एकटीनं चहा प्यायचा कंटाळा आला व्हता, तेवढ्यासाठी मी लग्न केलं. त्येंनी बी तेच सांगितलं व्हतं. पन तुमच्या दुकानातून आले की हे गप-गप बसायचे. मला वाटायचं, माझंच काही चुकून राह्यलं.”

मला वाटलं होतं की त्या मला शिव्या देतील. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. मी चपला घालून निघालो आणि घराकडं न जाता दुकानाकडं गेलो, कारण शिवकांतानं चेहरा बघितला असता.

त्यालाही आता चार महिने होत आले. मी आता दुकानात फारसा विनोद करत नाही. काही लोकांना ते चुकल्यासारखं वाटतं, अप्पाची तब्येत बरी नाही का, विचारतात. दोस्ताचं औषध मागायला कुणी आलं की मी त्याला आतल्या पोत्यांपाशी नेतो, बसवतो, आणि सगळे प्रश्न वडिलांच्या क्रमानं विचारतो. दहातल्या चौघांना तरी पुडी न देता परत पाठवावं लागतं. म्हणजे आधी त्या चौघांना मी काय दिलं असेल, याचा विचार मी दुकान बंद करताना करतो आणि मग जेवण जात नाही. लोखंडी खुर्ची गल्ल्याशेजारीच आहे. वर्तमानपत्र आता मीच आधी वाचतो, आणि त्यात काही नसतं.

परवा, थंडी पडल्यावर, माउली सर पुन्हा आले. तोच शनिवार, तीच बाजाराची वेळ. दुकानात दोघंतिघं होते. सर एका बाजूला उभे राहिले, आणि गर्दी पांगल्यावर जवळ आले.

“ज्येष्ठमध पाहिजे व्हतं, अप्पा,” ते म्हणाले. “खोकल्यासाठी. एका दोस्तासाठी.”

ज्येष्ठमध. पाच वर्षांचं पोरसुद्धा येऊन घेऊन जातं ते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? अंगदाचं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर. वहिनी येऊ शकल्या असत्या, शेजारचं कुणी आलं असतं, नुसता फोन केला असता तर मी स्वतः नेऊन दिलं असतं. त्याला आता औषधाची लाज वाटत नव्हती. त्याला माझ्यासमोर यायचं नव्हतं, आपलं नावही माझ्या दुकानात निघू द्यायचं नव्हतं. आणि तरी खोकल्याचं औषध त्यानं माझ्याकडूनच मागवलं होतं. मी डबा काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली, आणि डब्यावर हात ठेवूनच थांबलो. मग सरांना आत पोत्यांपाशी नेलं आणि बसवलं.

दोस्ताचं वय काय, मी विचारलं. सर म्हणाले, एकसष्ट. दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत का. हाव. हृदयाच्या? सरांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाले, हाव. खोकला कधी जास्त येतो, बसल्यावर का आडवं झाल्यावर. आडवं झाल्यावर, सर म्हणाले, रात्री दोन उशा लागतात म्हणाले गुरुजी. गुरुजी हा शब्द निघून गेल्यावर ते जरा अडखळले. मी तो ऐकलाच नाही असं दाखवलं. दोस्ताच्या पायांना सूज आहे का. चपलेचा वळ उठतो, सर म्हणाले.

“ब्याड,” मी म्हणालो. “ज्येष्ठमध नको. अंगात पाणी धरून ठेवतं ते, बीपी चढवतं. आन् ह्यो खोकला माझ्या दुकानाचा न्हाई, सर, काळजाचा हाय. दोस्ताला आजच लातूरला न्या. उद्यावर ढकलू नका. डॉक्टरला उशांचं सांगा, पायांचं सांगा.”

सरांनी विचारलं, की दुसरं काही द्यायचं का तोवर. मी म्हटलं, काही नाही, नुसतं न्या. ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, सांगतो दोस्ताला. अप्पानं सांगितलंय म्हणून सांगू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, माझं नाव घेऊ नका, नाहीतर तो जायचा नाही.

सर मोठ्या ढांगा टाकत अंगदाच्या गल्लीकडं गेले. त्यांच्या हातात या वेळी माझी पुडी नव्हती. मी गल्ल्यावर येऊन बसलो आणि समोरच्या घड्याळाकडं बघितलं. सगळी चौकशी करायला चार मिनिटं लागली होती.